राखेची रेघ

“ज्याच्या हातात काठी येते, त्याला आधी दारं दिसेनाशी होतात. घर दिसतं, घरातली माणसं दिसतात, मधलं दार तेवढं दिसत नाही. आणि आपण सगळे बघत राहतो.”

“कुणाबद्दल बोलतेस?” नाथबुवांनी विचारलं.

“कुणाबद्दल नाही. सगळ्यांबद्दल.”

“मग बरं. मला वाटलं, माझ्यावर रागावलीस.”

प्रणिता मेस्त्री एस.टी.तून उतरली ती घरी न जाता सरळ मठात आली होती. खांद्यावरची बॅगसुद्धा तिनं अजून उतरवली नव्हती.

मठ कसला, कौलारू छपराची एक खोली, पुढं पडवी, अंगणात एक फणस. नेरखोल गावाची शीव म्हणजे एक व्हाळ, बारमाही वाहणारा ओढा. गाव व्हाळाच्या पलीकडं आणि मठ अलीकडं, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर. नाथबुवा घाटावरून आलेले गोसावी. आयुष्य कोकणात गेलं, पण त्यांची बोली काही मालवणी झाली नाही, आणि गावकऱ्यांनी कितीदा म्हटलं तरी ते व्हाळ ओलांडून राहायला गेले नाहीत.

लहानपणी प्रणिता शाळा सुटली की इथं यायची आणि बुवांशी भांडायची. आता ती कोल्हापूरला राज्यशास्त्रात एम.ए. करत होती, म्हणून सुट्टीत येऊन भांडायची. राज्यसत्तेची हद्द कुठं संपावी, या विषयावरच्या तिच्या निबंधाला नुकतंच बक्षीस मिळालं होतं. ते बुवांना सांगायचं होतं, पण सहज ओघात निघाल्यासारखं.

बुवा माडाच्या झावळीचा झाप विणत होते. पात्यात पातं अडकवत, मान न उचलता.

“सरकारनं रस्त्यावर राज्य करावं,” प्रणिता म्हणाली. “उंबऱ्याच्या आत नाही. माणूस काय खातो, कुणाला भजतो, कुणाशी संसार करतो, ते त्याचं त्याला. कारण कितीही चांगलं असो, काठीनं उंबऱ्याबाहेर थांबायचं.”

“आणि उंबऱ्याच्या आत कुणी बायकोला मारत असेल तर?”

“तर आत यायचं.”

“मारतोय हे कुणी सांगितलं?”

“ती हाक मारेल.”

“तिला हाक मारता येत नसेल तर...?”

“शेजारी सांगतील.”

“म्हणजे शेजाऱ्यांनी भिंतीला कान लावून बसायचं.”

“तसं नाही, बुवा.”

“मग कसं?”

तिला राग आला. बुवा हे नेहमीच करत. एकदा इकडून टोचायचं, एकदा तिकडून. बाजू म्हणून घ्यायची नाही. तिनं तसं बोलूनही दाखवलं आणि शेवटी विचारलं, “तुमचं स्वतःचं मत काय आहे, एकदा सांगाल का?”

“माझं मत, झाप तिरका चाललाय. हे टोक धर.”

तिनं बॅग उतरवली आणि टोक धरलं.

बराच वेळ दोघं विणत राहिली... मग बुवा म्हणाले, “या पळणीला काठी तू घे.”

प्रणिताच्या हातातलं पातं सुटलं.

नेरखोलात काही वर्षांनी गावपळण होते. गावचा देव कौल देतो, देवळात ढोल वाजतो, आणि सगळं गाव घरं सोडून व्हाळाच्या अलीकडं सड्यावर राहायला येतं. माणसंच नव्हे, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. मागं चूल पेटती ठेवायची नाही, दिवा ठेवायचा नाही, जीव ठेवायचा नाही. दारांना नुसत्या कड्या, कुलूप नाही. देव परतायचा कौल देईपर्यंत गाव देवाचं आणि सडा माणसांचा.

सड्यावर झापांच्या खोपी उभ्या राहतात आणि माणसं चारी दिशांना मोकळी होतात. सरपंच तिथं सरपंच नसतो, मानकरी मानकरी नसतो. त्यांचे मान व्हाळापलीकडं घरात टांगून ठेवलेले. पण एवढी माणसं, एवढी गुरं आणि पाण्याची एकच जागा म्हटल्यावर भांडणं होणारच. म्हणून एकाच्या हातात काठी द्यायची. तो काठीकर. काठीकर कोण, ते नाथबुवा ठरवणार, कारण गावातला एक वाफाही बुवांचा नाही.

काठीकराला दोन बंधनं. एक, त्यानं स्वतःची चूल मांडायची नाही. रोज दर जेवणाला वेगळ्या खोपीत जेवायचं, क्रमानं. दुसरं, प्रत्येक खोपीपुढं चुलीतल्या राखेची एक रेघ ओढलेली असते. खोपीला दार नसतं, उंबरा नसतो, तेव्हा हीच रेघ उंबरा. काठीकरानं रेघेपाशी थांबायचं, काठी खाली ठेवायची, हाक मारायची आणि बोलावलं तर आत जायचं. काठी रेघेच्या आत न्यायची नाही.

“न्यायची नाही म्हणजे नाहीच?” प्रणितानं विचारलं होतं.

“तुझ्याच निबंधातलं आहे ना?” बुवा म्हणाले.

म्हणजे बक्षिसाची बातमी यांना आधीच कळली होती.

काठी काठीकरानं स्वतः तोडायची असते. प्रणिता व्हाळाकाठच्या चिव्याच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, बेटात गेली आणि एक सरळसोट चिवा तोडून घेऊन आली. तिच्या डोक्याच्याही वर हातभर जाणारा. पेरं तासून गुळगुळीत केलेला.

बुवांनी काठी खालून वर पाहिली. मग वरून खाली पाहिली.

“केवढी तोडलीस गं?”

“लांबून दिसायला हवी ना.”

“दिसेल,” बुवा म्हणाले आणि पुन्हा झापाला लागले.

ढोल वाजला. गाव व्हाळ ओलांडून आलं. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत कोंबड्या, काखेत मांजरं. सड्यावर संध्याकाळपर्यंत जत्रेसारखा गलबला झाला.

आणि प्रणितानं राज्य चांगलं केलं. हे मान्य करायलाच हवं. पिण्याचं पाणी वरच्या कोंडीतून आणि धुणं खालच्या कातळावर, हे तिनं पहिल्याच दिवशी लावून दिलं. परबांच्या चुलीचा धूर घाड्यांच्या खोपीत जात होता, तर चूल फिरवून घेतली आणि दोघांनाही ती आपल्याच बाजूची वाटली. पोरीच्या हातात काठी म्हणून ज्यांनी नाक मुरडलं होतं, तेच आता म्हणू लागले, चेडू न्यायाचा आसा. जेवायच्या वेळी ती रेघेपाशी थांबायची, वाकून काठी ठेवायची, हाक मारायची. आतून “ये गो बाय” आलं की तिला दर वेळी मनातून हसू यायचं. एवढी जाडजूड पुस्तकं वाचून आपण जे मांडलं, ते इथल्या माणसांनी मूठभर राखेत कधीच मांडून ठेवलं होतं. निबंधाला एक तळटीप जोडायला हवी, असं तिनं ठरवून टाकलं.

मग बुधाजी परबाचा कोंबडा हरवला.

तांबडा, तुरेवाला, अंगानं दांडगा. रात्री टोपलीखाली होता, सकाळी टोपली उलटी आणि कोंबडा नाही. बुधाजीचं म्हणणं, कुणीतरी मारला आणि खाल्ला. वडे आणि सागोतीवरून तरण्या पोरांनी एकमेकांना कोपरखळ्या मारल्या. पण म्हातारी माणसं हसेनात. कोंबडा जर व्हाळ ओलांडून मागं गेला असेल तर गावात जीव राहिला, आणि जीव राहिला तर पळण मोडली. एवढी माणसं घरदार सोडून आली, ती फुकट.

सगळ्यांनी काठीकडं पाहिलं.

कोंबडा सड्यावर आहे की नाही, एवढं तरी कळायला हवं होतं. प्रणितानं ठरवलं, प्रत्येक खोप बघायची.

कुणी नाही म्हणालं नाही. पहिल्या खोपीशी ती थांबली, काठी ठेवली, हाक मारली, आत गेली, बाहेर आली, काठी उचलली. दुसरीकडं तसंच. तिसरीकडं तसंच. मागं माणसांचा घोळका जमत गेला. ऊन चढत गेलं. लांब काठी दर वेळी जपून आडवी ठेवायची, कुणाच्या पायात येणार नाही अशी, आणि पुन्हा उचलायची... पुढं कुठंतरी तिनं ती ठेवलीच नाही. नुसती रेघेपाशी टेकवली. त्याच्या पुढच्या खोपीत ती काठीसकट आत गेली. कुणी काही म्हटलं नाही. तिच्याही लक्षात आलं नाही. काम पटपट उरकू लागलं.

गुणाकाकीची खोप सगळ्यांत टोकाला होती.

गुणाकाकी म्हणजे प्रणिताची दुसरी आईच. प्रणिताची आई काजूच्या कारखान्यात जायची तेव्हा लहानगी प्रणिता दिवसभर काकीकडं असायची. काकीचा नवरा बाबलकाका दशावतारात राजपार्टी करायचा, म्हणजे राजाचं काम. दाढी-मिशा रंगवून, डोक्यावर मुकुट चढवून तो रंगात आला की शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा. तोंड रंगवताना बोटभर रंग तो प्रणिताच्या नाकालाही लावायचा. अलीकडं काका कुणाला दिसत नव्हता. गुडघे धरलेत, असं काकी सांगायची.

खोपीवर चादर सोडलेली होती.

“काकी,” प्रणितानं हाक मारली.

उत्तर आलं नाही. आत काहीतरी फडफडलं. भांडं वाजलं.

मागून बुधाजी म्हणाला, “ऐकलंस?”

प्रणितानं पुन्हा हाक मारली नाही. तिनं काठीच्या टोकानं चादर वर उचलली आणि आत पाऊल टाकलं.

पाटावर बाबलकाका बसला होता. उघडा, ओला, हाडांचा सापळा. बाजूला घाण झालेलं धोतर आणि अंथरूण. गुणाकाकी तांब्यानं त्याच्या अंगावर पाणी घालत होती. ओलं फडकं तिनं नुकतंच झटकलं होतं, त्याचीच ती फडफड. वर केलेल्या चादरीखालून घोळक्यानं सगळं पाहिलं.

काका थंडीनं कुडकुडत होता. त्याची नजर काठीवर गेली. काठीवरून वर, प्रणिताच्या तोंडावर. ओळख नव्हती. पण पाठ हळूहळू ताठ झाली, मान वर झाली, आणि तोच जुना आवाज निघाला, शेवटच्या माणसापर्यंत जाणारा.

“कोण आहेस तू? कुणाच्या आज्ञेनं आत आलीस?”

घोळक्यात एकजण हसला. मग त्यालाच कसंतरी झालं असावं, कारण हसू अर्ध्यावर थांबलं.

प्रणिताजवळ उत्तर नव्हतं.

गुणाकाकीनं पदर सोडून नवऱ्याच्या अंगावर टाकला. वर न बघता ती म्हणाली, “कोंबडो नाय हय, बाय.”

त्या संध्याकाळी प्रणिताचं जेवण परबांकडं होतं. ती रेघेपाशी थांबली, काठी ठेवली, हाक मारली. परबीण लगबगीनं बाहेर आली. तिनं रेघेबाहेर गोणपाट अंथरलं, पाण्याचा तांब्या ठेवला आणि ताट आणून पुढं केलं. भात, कुळथाची पिठी, सुकटीची चटणी आणि बाजूला कुणाला न वाढलेला नारळाचा लाडू.

“हयच बस गो. आत जागा नाय.”

खोपीत जागा होती. ती दिसत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाड्यांकडं. तिथंही गोणपाट बाहेर, ताट बाहेर. घाडी स्वतः समोर बसून वारा घालत होता, कोल्हापुरात थंडी किती असते ते विचारत होता. राग कुणाच्या तोंडावर नव्हता. टोमणा कुणी मारला नाही. वाढलं सगळं, आग्रहानं वाढलं. फक्त आत बोलावलं नाही.

प्रणितानं ताट अर्ध्यावर बाजूला सारलं.

कोंबडा मात्र सापडला. म्हणजे ऐकू आला. त्याच दुपारी, सगळा सडा जेवून पेंगत असताना, व्हाळापलीकडच्या ओसाड गावातून तो मनसोक्त आरवला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बुधाजीनं डोक्याला हात लावला. आता पळण मोडली म्हणायची की काय, म्हणून सगळे धोंडू गुरवाकडं बघू लागले. देवाची पूजा त्याची, देवाचं मन त्याला ठाऊक. गुरवानं बराच वेळ कान देऊन ऐकलं.

“ऱ्हवांदे,” तो म्हणाला. “देवाक एकट्याक करमत नसात.”

सडा खदखदून हसला. प्रणिताला हसता आलं नाही. एवढंच होतं तर. ज्या नियमासाठी तिनं चादर उचलली, त्या नियमाला एवढी मोकळी जागा आधीपासून होती.

आणि संध्याकाळचं जेवण गुणाकाकीकडं होतं. क्रम तसाच येत होता. सकाळी देव परतायचा कौल देणार, असं गुरव म्हणत होता, म्हणजे हे शेवटचं जेवण. काकीनं ताट बाहेर आणून ठेवलं, तर ते कसं खायचं? आणि जायचंच नाही म्हटलं, तर पुढं कुठल्या तोंडानं त्या दारात उभं राहायचं?

ऊन उतरलं तशी ती मठात गेली.

“घ्या तुमची काठी.”

बुवा पडवीत टेकून बसले होते. त्यांनी हात पुढं केला नाही.

“काल परवा हलकी होती,” ते म्हणाले. “आज जड लागते का?”

“लागते.”

“मग आज कशी परत घेऊ?”

प्रणिता मटकन पायरीवर बसली. मग ती भराभरा बोलत सुटली. चूक तिची होती, हे तिला कबूल होतं. पण नुसती रेघ ओढून भागत नाही, असं तिचं म्हणणं. नियम पक्का करायला हवा. कुठल्या कारणाला आत जायचं, कुणाला विचारून जायचं, किती माणसं बरोबर न्यायची... आणि उद्या खरंच कुणी आत मरत असेल, तर काठीकरानं बाहेर बसून पिठी-भात खायचा का?

“तुम्हीच विचारलं होतं,” ती म्हणाली. “हाक मारता येत नसेल तर, म्हणून. मला अजून उत्तर सापडलेलं नाही.”

“मलाही नाही.”

“मग विचारता कशाला?”

बुवा हसले. त्यांनी चुलीकडं बोट केलं. “मूठभर राख आण. माझ्या दारात रेघ ओढ.”

मठापुढं रेघ कधीच नव्हती. बुवांच्या दारात काठी घेऊन आजवर कुणी आलंच नव्हतं.

प्रणितानं राख आणली आणि पायरीला लागून रेघ ओढली.

“आता बाहेर उभी राहा. पाय आत टाकू नकोस. काठी पुढं कर.”

तिनं काठी पुढं केली. टोक बुवांच्या गुडघ्याला लागलं आणि वाटेतला तांब्या लवंडून पाणी पडवीभर झालं.

“लागली,” बुवा म्हणाले.

प्रणितानं पायानं रेघ पुसली. दुसरी रेघ तिनं लांब ओढली, पार फणसाखाली. तिथं जाऊन उभी राहिली.

“आता?”

बुवांचे ओठ हलले. सड्यावर कुणाची तरी गाय हंबरत होती, बायका फुगडीची गाणी म्हणत होत्या.

“काय म्हणालात?”

ओठ पुन्हा हलले. बुवांनी छातीवर हात ठेवला होता.

प्रणिता धावत आली. पायरी चढून बुवांपाशी वाकली. “काय होतंय? काय म्हणालात?”

“पाणी दे, म्हणालो. तांब्या तू सांडलास.”

“बुवा...”

“दोनदा म्हणालो.”

ते तिच्या हातांकडं बघत होते. तिनंही खाली पाहिलं. हात रिकामे होते. काठी फणसाखाली पडली होती. कधी टाकली, तिचं तिला कळलं नव्हतं.

तिनं आतून पाणी आणून दिलं. बुवांनी ते सावकाश पिऊन संपवलं.

“मग नेमकी कुठं ओढायची?” तिनं विचारलं. आवाजातली घाई गेली होती.

“मी ओरडलो असतो तर फणसापर्यंत ऐकू आलं असतं.”

“हो.”

“बाबल ओरडेल?”

“त्याला कुठं कळतंय आता...”

“गुणा?”

गुणाकाकी मरेल, पण ओरडणार नाही. एवढे दिवस एकटीनं निस्तरत होती आणि गावाला गुडघ्यांचं सांगत होती.

“तिथं रेघ जवळ हवी,” ती हळूच म्हणाली. “कुजबुज ऐकू येईल इतकी.”

“हवी.”

“पण जवळ असली की काठी लागते.”

“लागते.”

फुगडीचं गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. प्रणिता फणसाखालच्या काठीकडं बघत होती. गुळगुळीत, सरळसोट, तिच्या डोक्याच्याही वर जाणारी. लांबून दिसावी म्हणून तिनं स्वतः निवडून तोडलेली.

तिनं खूप वेळ बघितलं.

मग ती उठली. “कोयता कुठं आहे?”

“चुलीमागं,” बुवा म्हणाले. “तू काठी घेऊन आलीस, त्याच दिवशी धार लावून ठेवलीय.”

दिवेलागणीला प्रणिता मठातून निघाली. तिच्या एका हातात वीतभर काठी होती आणि दुसऱ्या मुठीत राख. वाटेत बुधाजी परब चूल फुंकत बसला होता. त्यानं मान वर करून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“काय गो बाय, काठी ही काय लाटणा?”

“पोळ्या लाटायला येऊ का तुमच्याकडं?” ती म्हणाली.

बुधाजी फिस्सकन हसला. चुलीतली राख त्याच्याच तोंडावर उडाली.

टोकाच्या खोपीवर चादर सोडलेली होती. आत कंदील होता. पुढची राखेची रेघ मधोमध फिसकटलेली, तिच्याच पावलानं. कुणी ती पुन्हा ओढली नव्हती.

प्रणिता बाहेर उकिडवी बसली. मुठीतली राख बोटांमधून सोडत तिनं तुटलेली जागा भरून काढली, हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग जिथं होती तिथंच बसून राहिली. आतून भाताचा वास येत होता. वाटी टेकल्याचा आवाजसुद्धा ऐकू येत होता.

“काकी,” ती म्हणाली. “मी प्रणिता.”

आत सगळं थांबलं.

मग तो आवाज आला, थकलेला, पण ताठ. “कोण आहे तिकडे?”

या वेळी तिच्याजवळ उत्तर होतं.

“महाराज, मी बाहेरच आहे. आज्ञा झाली तर आत येईन.”

चादर हलली नाही. व्हाळापलीकडं तो खुळा कोंबडा भलत्या वेळी आरवला.

आतून गुणाकाकी म्हणाली, “काठी भायर ठेव नि ये गो आत. भात निवता.”